पाच नंबरची काठी

मी पहिली फ्लाय फिशिंगची, म्हणजे पिसांच्या खोट्या किड्याने मासे धरायची, काठी घेतली ती आठ नंबरची. तिच्यामागचं गणित अस्सल मालवणी होतं. नंबर मोठा म्हणजे काठी दणकट, काठी दणकट म्हणजे मासा मोठा. विकणारा माणूस डेन्व्हर सोडून चालला होता, गॅरेजमध्ये खोक्यांची रास होती आणि त्याला सामान कमी करायचं होतं. काठी, रीळ, लाइन सगळं मिळून ८० डॉलर. 'ही खाऱ्या पाण्यातली आहे हं, टेक्सासच्या किनाऱ्यावर रेडफिशसाठी वापरायचो,' असं त्याने मला दोनदा सांगितलं. मी ते त्या काठीचं कौतुक समजलो. समुद्रात टिकली ती ओढ्यात काय टिकणार नाही! तेव्हा दोष त्याचा अजिबात नाही.

मी मूळचा कर्ली खाडीच्या काठचा. गरवणं आमच्याकडे कोणी मुद्दाम शिकवत नाही. हातात दोरी, टोकाला गरी, गरीला सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा तुकडा, वर वीतभर अंतरावर शिसं. शिसं गरगर फिरवायचं आणि सोडून द्यायचं, बाकीचं काम त्याचं. शेंगटी लागली तर काट्याला जपायचं, तांबोशी लागली तर घरी मान वाढायचा. एवढ्या भांडवलावर मी अमेरिकेत आलो आणि बारा वर्षं पाण्याकडे फिरकलोही नाही. मग ऑफिस गोल्डन गावात हललं.

गोल्डन हे डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि गावाच्या मधून क्लिअर क्रीक वाहते. १८५९ साली सोन्याच्या शोधात माणसांची झुंबड उडाली ती हीच नदी. आता तिच्या काठाने चालायला पक्की वाट आहे. दुपारी डबा खाऊन मी त्या वाटेने फिरायचो तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं दिसायची. त्यांच्या डोक्यावरून पिवळी, पोपटी दोरी मागे जायची, हवेत क्षणभर सरळ व्हायची आणि पुढे येऊन पाण्यावर अलगद उतरायची. मी पुलावर उभा राहून बघत बसायचो. मासा निघालेला फारसा कधी दिसला नाही, पण ती दोरी बघताना दुपारच्या मीटिंगला उशीर व्हायला लागला.

आठ नंबरची काठी घेऊन पहिल्यांदा गेलो तो शनिवार मला अजून आठवतो. गोल्डनच्या वरच्या अंगाला नदी घळीतून येते. पात्र वीस-पंचवीस फुटांचं, मोठमोठे धोंडे, आणि प्रत्येक धोंड्यामागे परातीएवढं शांत पाणी. मासे तिथेच असतात. म्हणजे मासा माझ्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर. मी काठी मागे नेली, पुढे आणली. दोरी माझ्या पायाशी पडली. जास्त जोर लावला तेव्हा चाबकासारखा 'फट्' असा आवाज आला आणि दोरीच्या टोकाची माशी गायब झाली. माशी म्हणजे फ्लाय, गरीला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. एक दोन डॉलरला पडते. त्या सकाळी मी सहा गमावल्या. दोन मागच्या झुडपात, एक समोरच्या काठावरच्या फांदीत, दोन त्या चाबकाच्या आवाजात आणि एक माझ्या उजव्या कानाच्या पाळीत. गरीचा उलटा काटा पक्कडने दाबून टाकावा एवढं मी वाचलेलं होतं, म्हणून ती शेवटची निघाली तरी. एकदाच दोरी कशीबशी त्या शांत पाण्यावर पोचली, पण ती पडली तेव्हा पाण्यात वीट टाकल्यासारखं झालं. धोंड्यामागून दोन सावल्या सरकन निघून गेल्या. मासे होते, एवढं तरी कळलं.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल होता. कानाला पट्टी, त्यामुळे लपवाछपवीला जागा नव्हती. मी बाबांना काठी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, काठी टोकापासून मुठीपर्यंत कॅमेऱ्यासमोरून फिरवायला लावली आणि विचारलं, "हेका शिसा खंय?"

"शिसं नसतंच बाबा ह्याला."

"मगे फेकतलंस कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिसाच्या माशीला वजन नाही. ती हातात घेऊन भिरकावली तर दोन हातांवर पडेल. शिसं नाही. मग ती चाळीस फूट जाते कशाच्या जोरावर? सहा माशा घालवून मला जो प्रश्न पडला नव्हता तो बाबांना आठ हजार मैलांवरून फोनवर पडला.

उत्तर शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. वजन दोरीतच असतं. फ्लायची लाइन जाड, प्लास्टिकचा मुलामा दिलेली असते आणि शिशाचं सगळं काम ती स्वतः करते. काठी फेकते ती लाइनला, माशी बिचारी शेपटीसारखी मागून जाते. काठीवर लिहिलेला नंबर हा माशाचा नसतो, ताकदीचाही नसतो. ही काठी किती वजनाची लाइन फेकायला बनवली आहे, तेवढंच तो सांगतो. पूर्वी लाइनी रेशमाच्या असायच्या आणि जाडीवरून इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जायच्या. नायलॉन आणि प्लास्टिक आल्यावर त्याच जाडीची लाइन वेगळ्या वजनाची निघायला लागली, मग १९६१ मध्ये अमेरिकन उत्पादकांनी वजनाचे नंबर ठरवले. लाइनीचे पहिले तीस फूट तोलायचे. पाच नंबरचे १४० ग्रेन भरतात, आठ नंबरचे २१०.

ग्रेन म्हणजे काय हे मला अमेरिकेत राहूनही कळेना. पण ते वजन धान्याच्या दाण्यावरून आलेलं आहे, म्हणजे आपल्या गुंजेचाच भाऊबंद. ग्रॅममध्ये केलं तर पाच नंबर नऊ ग्रॅम, आठ नंबर साडेतेरा. आताचा दहा ग्रॅमचा तोळा धरला तर पाच नंबरची लाइन तोळ्याला एक ग्रॅम कमी. हे मी पुढच्या कॉलवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबांनी मान हलवली, पण विषय खरा समजला आईला. "तोळ्याची दोरी? आणि ती पाण्यात टाकतंस?"

ह्या हिशेबाने पहिल्या शनिवारचा उलगडा झाला. ते साडेतेरा ग्रॅम म्हणजे तीस फूट लाइन काठीच्या टोकाबाहेर असेल तेव्हा. माझा मासा पंधरा फुटांवर, त्यातले नऊ फूट लीडरचे, म्हणजे लाइनच्या टोकाला बांधलेल्या बारीक पारदर्शक तंगुसाचे. लाइन अशी टोकाबाहेर सहा फूटसुद्धा नव्हती. एवढ्याशा वजनाने समुद्रावरची काठी वाकतेय कशाला? काठी वाकली नाही तर उलटून झटका देणार नाही, आणि झटका नाही तर लाइन पायाशीच पडणार. जोर लावून उपयोग नव्हता. काठी वाईट नव्हती, ती त्या ओढ्यासाठी नव्हती.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी वाचायला लागलो आणि वाया गेलो.

नवख्या माणसाने नऊ फुटी, पाच नंबरची काठी घ्यावी असं पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट संपली असती. पण आपण इंजिनिअर. काठी टोकाशी वाकते, मध्ये वाकते की मुठीपर्यंत वाकते, त्यावरून फास्ट, मीडियम आणि स्लो. कार्बनच्या धाग्याचा ताठपणा. दोन तुकड्यांची की चार. मुठीचं बूच पोर्तुगालचं की भुकटी दाबून केलेलं. मी एक्सेलची शीट केली, तिला सतरा रकाने झाले. काठीचं वजन औंसात दशांशापर्यंत टिपलेलं. जाहिरातींमध्ये प्रत्येक काठी हलकी, चपळ, नेमकी आणि 'क्षमाशील' होती. तो शब्द मला फार आवडला. काठीने क्षमा करायची म्हणजे गुन्हा आपला, हे त्यांनी धरूनच चालायचं. बायको एके रात्री स्क्रीनवर डोकावून म्हणाली, "माझ्या वेळी एवढी स्थळं बघितली नव्हतीस."

किमतींचं तर विचारूच नका. शंभर डॉलरपासून हजारच्या वर. इथे आल्यावर पहिली पाच वर्षं मी दर गोष्टीचे रुपये करायचो, मग ती खोड सुटली. ह्या शीटने परत लागली. नऊशे डॉलर गुणिले ऐंशी. एवढ्यात मालवणात होडीला जुनं इंजिन बसलं असतं.

हिवाळा असाच गेला. शेवटी मार्चमध्ये मासे धरायचं लायसन्स काढायची वेळ आली. कोलोरॅडोचं वार्षिक लायसन्स १ मार्चला सुरू होतं आणि पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतं, म्हणजे वर्षाच्या पैशात तेरा महिने. हा तेरावा महिना वाया जाऊ नये म्हणून मी एका रविवारी दुकानात गेलो. एवढंच कारण. कोकणी माणसाला घराबाहेर काढायला तेवढं पुरतं.

दुकान छोटं होतं. भिंतीवर काठ्या रांगेत उभ्या, बिलियर्डच्या क्लबात असतात तशा. मी एक काढली आणि सगळे करतात तेच केलं, हवेत हलवून बघितली. टोक थरथरलं. मी जाणकारासारखा 'हं' केलं. गल्ल्यामागे साठीच्या पुढची एक बाई फ्लायच्या डब्या लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लाइनशिवाय काठी हलवून काहीच कळत नाही. पण सगळ्यांना बरं वाटतं, म्हणून आम्ही हलवू देतो."

मग तिने विचारलं, "मासे कुठे धरणार?"

"सगळीकडे," मी म्हणालो. शीटमध्ये मी तसंच धरलं होतं.

"गेल्या तीन महिन्यांत कुठे गेला होतात?"

"क्लिअर क्रीक. ऑफिसातून चालत जाता येतं."

"आणि पुढच्या तीन महिन्यांत?"

खरं उत्तर तेच होतं. ऑफिस, मुलीचं पोहणं, शनिवारचा बाजार, ह्यातून जो काही तास उरणार तो क्लिअर क्रीकवरच. फार तर कधी तरी सव्वा-दीड तास गाडी हाकून डेकर्सला साउथ प्लॅट नदीवर. अलास्का, मोंटाना, बहामाचे बोनफिश हे सगळं शीटमध्येच राहणार होतं. तिने माझ्या सतरा रकान्यांतले चौदा त्या दोन प्रश्नांत पुसून टाकले.

तिने तीन काठ्या काढल्या, तिघींना लाइन ओवली आणि आम्ही दुकानामागच्या पार्किंगलगतच्या गवताच्या पट्ट्यावर गेलो. गवत अजून पिवळंच होतं. माशीच्या जागी लाल लोकरीचा छोटा तुकडा बांधला होता. वीस-पंचवीस फुटांवर तिने आपली टोपी टाकली. "इथे मारा. लांब मारायला सगळ्यांनाच आवडतं. मासे इथे असतात."

पहिली काठी काचेच्या धाग्याची, साडेसात फुटी, तीन नंबरची. ती हातात घेतली आणि माझी शीट, माझा निर्धार, सगळं विरघळलं. मुठीपर्यंत वाकायची. मागे नेली की लाइनचं वजन बोटांना कळायचं. ओल्या धोतराचं टोक हातात धरून झटकतो तेव्हा कळतं तसं. तिसऱ्या झटक्याला लोकर टोपीवर पडली. मी तिथल्या तिथे पैसे दिले असते. तेवढ्यात डोंगराकडून वारा सुटला. दुपारनंतर इथे तो ठरलेला. लोकर अर्ध्या वाटेतून फिरून माझ्या छातीवर आली. बाई काही बोलली नाही, फक्त हात बांधून उभी राहिली. पुन्हा मारली, पुन्हा छातीवर.

दुसरी नऊ फुटी, पाच नंबरची, नऊशे डॉलरच्या वरची. आधी तिने स्वतः मारून दाखवली. साठ फूट. लाइन हवेत अशी सुटली की पार्किंगमधला एक माणूस गाडीचं दार उघडं ठेवून बघत राहिला. मग काठी माझ्या हातात आली आणि पंचवीस फुटांवर पहिल्या शनिवारचंच नाटक सुरू झालं. ताठ. वाकेचना. मनगट मोडायला लागलं आणि लोकर टोपीच्या डावीकडे, उजवीकडे, माझ्या खांद्यावर. तिच्या हातात होती तेव्हाची काठी आणि माझ्या हातातली काठी ह्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. मला मनातून बरं वाटलं हेही सांगतो. नऊशे डॉलर वाचल्याचं सुख नऊशे डॉलरच्या काठीपेक्षा कमी नसतं.

तिसरी तीच लांबी, तोच नंबर, किंमत दोनशेच्या आत. दिसायला साधी, मातकट हिरवी, चकाकी नाही. ही मध्यापर्यंत वाकत होती. पहिल्या पाच-सहा वेळा काही नाही. मग बाई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मागे वळून बघा. लाइन मागे सरळ झालेली दिसली की मगच पुढे आणा." मी वळून बघितलं. लाइन मागे जाताना तिचा आडवा 'यू' होत होता आणि तो पूर्ण उलगडायच्या आत मी काठी पुढे ओढत होतो. चाबकाचा आवाज यायचा तो ह्यामुळेच. थांबायचं होतं. किती? ताकाच्या रवीचा दोर एका बाजूला पुरता गेल्याशिवाय आपण दुसरी बाजू ओढत नाही, तेवढं. लाइन मागे सरळ झाली, मुठीला हलका ओढा लागला, आणि तेव्हा काठी पुढे आणली. लोकर वाऱ्यातून गेली आणि टोपीच्या काठाला लागली.

मुठीला लागलेल्या त्या ओढ्यासाठी मी ही तिसरी काठी घेतली. ती वाऱ्यात चालत होती, साउथ प्लॅटसारख्या रुंद पाण्यावर चालणार होती, आणि नऊ फुटांमुळे मधल्या वेगवान धारेवरून लाइन वर उचलून धरता येणार होती. क्लिअर क्रीकवर फांद्यांखाली नऊ फूट जास्तच होतात, तिथे मी अजूनही तिला शिव्या घालतो. चार तुकड्यांची घेतली, कारण नळी गाडीच्या डिकीत आडवी मावते. काचेच्या त्या तीन नंबरकडे निघताना एकदा वळून बघितलं, ते तेवढं बायकोला सांगू नका.

मला रिळावर पैसे घालायचे होते. चकचकीत रीळ हातात घेतलं की त्याचा तो करकर आवाज! तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. ह्या नद्यांतला ट्राउट वीतभराचा, फार तर हातभराचा. त्याला रिळावर कोणी ओढत नाही, बोटांनी लाइन खेचत आणतात. रीळ म्हणजे इथे दोरीची फिरकी, बस. स्वस्तातलं घ्या, आणि वाचलेले पैसे लाइनवर घाला. मला हे उफराटं वाटलं, कारण लाइन म्हणजे शेवटी दोरी. पण वजन दोरीत आहे हे कळल्यावर गणित आपोआप जुळतं. लाइनच्या खोक्यावर डब्ल्यू एफ ५ एफ असं काहीतरी मंत्रासारखं लिहिलेलं असतं. वजन पुढच्या भागात, नंबर पाच, तरंगणारी, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या आठ नंबरच्या रिळावरच्या जुन्या लाइनीला बारीक चिरा पडलेल्या होत्या आणि ती अर्धी बुडायची, हे मला त्या दिवशी घरी येऊन बघितल्यावर कळलं. मधल्या काळात मी सगळं खापर काठीवर फोडत होतो.

काठी घरी आली ती थंडीतच. एप्रिलभर मी सोसायटीच्या हिरवळीवर लोकर मारत राहिलो. कुत्री फिरवणारे शेजारी आधी थांबायचे, मग सवयीचे झाले. मे आणि जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळून नदीला चहाच्या रंगाचा लोंढा येतो, तेव्हा जाण्यात अर्थ नसतो. हेही मला उशिरा कळलं, दोन रविवार काठावर उभं राहून. आणखी एक गोष्ट इथे विचित्र आहे. कोलोरॅडोत नदीचं पाणी सगळ्यांचं असलं तरी खाजगी जमिनीतून जाते तिथे नदीचा तळ मालकाचा असतो. तळाला पाय लागला की अतिक्रमण. गावच्या खाडीत पाय कुठे ठेवायचा हे फक्त चिखल ठरवतो, त्यामुळे हे पचायला वेळ लागला. आता जायच्या आधी नकाशावर सरकारी जमीन कुठली ते बघून ठेवतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी उतरलं. संध्याकाळी सहाला मी घळीच्या तोंडाशी होतो. काठी जोडताना सांध्यांवरचे ठिपके एका रेषेत आणायचे असतात. ते आणले. लाइन कड्यांतून ओवताना टोक ओवायचं नाही, लाइन दुमडून तो फासच ओवत जायचा, म्हणजे हातातून निसटला तरी सर्रकन खाली येत नाही. ही युक्तीही त्या बाईचीच. टोकाला पॅराशूट अ‍ॅडम्स नावाची माशी, सोळा नंबरची. गरीचा नंबर मोठा म्हणजे गरी लहान, काठीच्या अगदी उलट. कोणी ठरवलं देव जाणे. तोच धोंडा, तेच परातीएवढं पाणी. एकदा मागे, थांबलो, पुढे. माशीच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका पाण्यावर बसला, दोन हात वाहत गेला आणि नाहीसा झाला. बुडाला असं वाटायच्या आत काठी वाकली. ब्राउन ट्राउट, आठ इंचही नसेल. अंगावर तपकिरी आणि लाल टिपके, प्रत्येक लाल टिपक्याभोवती फिकट निळसर कडं. हात ओला करून धरला, गरी काढली, सोडला. आठ इंचांना नऊ फुटांची काठी पुरती कमानीसारखी वाकली होती. आठ नंबरला कळलंही नसतं की काही लागलंय.

कॉलवर बाबांना सांगितलं. "मासो गावलो काय?" गावला. "मगे?" सोडला. पलीकडे शांतता. मग, "येवडे पैसे घालून सोडून दिलंस?" आणि कॅमेरा आईकडे वळला.

सप्टेंबरमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबांसाठी एका दिवसाचं लायसन्स काढलं आणि त्यांना क्लिअर क्रीकवर नेलं. पाच नंबरची त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एका बोटावर तोलून बघितली, वाकवून बघितली, परत दिली. "ह्या काठीयेन चाय ढवळूक व्हयी," म्हणाले. दोन-चार वेळा मी मारून दाखवलं तेव्हा मात्र ते लाइनकडे बघत होते, माझ्याकडे नाही. थोड्या वेळाने काठी मागून घेतली आणि मारायच्या भानगडीत न पडता धोंड्यावर बसून नऊ फूट काठी नुसती पुढे धरली, लाइन पाण्याला न लावता फक्त माशी टेकवली. मासा त्यांनाही लागला नाही. पण अर्धा तास ते तिथून हलले नाहीत.

गॅरेजमध्ये आठ नंबरची अजून होती. बाबांनी ती शोधून काढली. चारही तुकडे जोडून गॅरेजच्या दारात उभे राहिले, टोक जमिनीला टेकवून वाकवलं आणि पहिल्यांदाच खुशीत दिसले. ही खाऱ्या पाण्यातली आहे, मी सांगितलं. "ता दिसताच हा," म्हणाले. मार्चमध्ये परत जाताना ती नळी मोठ्या बॅगेत तिरकी बसली, आईच्या दोन साड्या, बदामाच्या तीन पिशव्या आणि माझ्या मावशीसाठी घेतलेल्या गोळ्यांच्या मध्ये. चिरा पडलेली लाइन त्यांनी आधीच काढून टाकली होती आणि रिळावर माझ्याकडून ऐंशी मीटर साधं तंगूस भरून घेतलं होतं.

एप्रिलमध्ये व्हिडिओ आला. कर्लीच्या काठावरची जेटी, उलट्या पडलेल्या दोन होड्या, शेजारचा मुलगा कॅमेरा हलवतोय. बाबा काठी वर करून टोकाकडे बोट दाखवत होते. टोकाच्या कडीखाली, वीतभरावर, बोटाएवढं शिसं लोंबत होतं.